मधली तेरा वर्षे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



असे उभे राहून चारचौघींत बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. आजवर ह्या सभागृहात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, उपमा ढवळणे आणि कार्यक्रम संपल्यावर कपबशा मोजून ठेवणे. त्यामुळे आपल्या चिटणीसबाई जेव्हा म्हणाल्या, ‘यंदा तुम्ही दोन शब्द बोला,’ तेव्हा मला वाटले त्या थट्टाच करीत आहेत. मी म्हटले, ‘अहो, मी सातवी शिकलेली बाई. मी कसले भाषण करणार?’ तर त्या म्हणाल्या, ‘तुमच्या नोकरीचीच गोष्ट सांगा. घरी बसलेल्या कितीतरी जणींना पुन्हा कामाला जायचे असते. पण मधल्या वर्षांचे काय सांगायचे ह्या धास्तीने त्या पाऊलच उचलत नाहीत.’

तेव्हा तीच गोष्ट सांगते. भाषण लिहून आणले आहे. अक्षर माझे आहे, शुद्धलेखन मुलीचे आहे. ह्या गोष्टीत माझी एक चूक आहे, ती तुमच्यापैकी दोघीतिघींनाच ठाऊक आहे. ती झाकून ठेवून बोलले तर ह्या गोष्टीत सांगण्यासारखे काही उरत नाही, म्हणून तीही सांगणार आहे. क्षमा असावी.

आपले सोलापूर चादरींसाठी नि टॉवेलांसाठी सगळ्या देशाला माहीत आहे. शाळेचे गणवेशही इथे शिवले जातात नि दूरदूर जातात, हे आपल्याला ठाऊक आहेच. जून महिन्यात कुठल्या तरी गावचे पोर नवा कोरा सदरा घालून शाळेत जाते, त्याची कॉलर आपल्या गल्लीतल्या एखाद्या बाईने बसवलेली असते. तसल्याच एका कारखान्यात मी १९९९ साली, लग्नाच्याच वर्षी, कामाला लागले. आधी धागे कापायला होते. मग काज-बटण, मग बाही जोडणे आणि शेवटी कॉलर. शिवणकाम करणाऱ्या भगिनींना सांगायला नको, सदऱ्यात कॉलर सर्वांत अवघड. दोन्ही टोके सारखी यायला हवीत, आणि पलटवल्यावर टोक बोथट राहता कामा नये. चार वर्षांनी मला ती अशी जमू लागली की नव्या मुलींना मास्तर माझ्याकडे बसवू लागले.

मी कामावर जाऊ शकले ती सासूबाईंमुळे. त्या स्वतः तरुणपणी घरी बिड्या वळीत. मला मुलगी झाली, पाच वर्षांनी मुलगा झाला. दोघांनाही त्यांनीच सांभाळले. मी सकाळी डबा घेऊन निघाले की त्या म्हणत, ‘जा गं तू. पोरांचं मी बघते. बाईच्या हातात चार पैसे असावेत.’ अशी नऊ वर्षे गेली.

२००८ साली आषाढात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. मामंजी आधीच वारले होते. यजमान एका दुकानात हिशेब लिहितात, त्यांना सुट्टी घेऊन भागणार नव्हते. पंधरा दिवस मी रजा काढली, मग आणखी पंधरा दिवस काढली. मग कारखान्यातून निरोप आला की, येता का नाही ते एकदा कळवा. मी येत नाही म्हणून कळवले. कोणी मला बळजबरी केली नव्हती. ज्या बाईने इतकी वर्षे माझी पोरे सांभाळली, तिला अंथरुणावर टाकून मी कॉलरी शिवायला जाणार होते थोडीच!

त्या अकरा वर्षे अंथरुणावर होत्या. २०१९ साली गेल्या. त्या अकरा वर्षांचे सगळे सांगत बसत नाही. ज्यांनी घरातले आजारपण काढले आहे त्यांना ते सांगावे लागत नाही, आणि ज्यांनी काढलेले नाही त्यांना सांगून कळत नाही. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, कारण पाठीला जखमा होऊ द्यायच्या नव्हत्या. पातळ भरवायचे, तेही ठसका लागू न देता. औषधांच्या वेळा पाळायच्या, रक्तदाबाची वही ठेवायची. डॉक्टर एकदा म्हणाले, ‘अकरा वर्षांत पाठीला एकही जखम नाही, हे दवाखान्यातसुद्धा होत नाही.’ तेवढे एक प्रशस्तिपत्र मला मिळाले. पण ते तोंडी होते, कागदावर नव्हते.

सासूबाई गेल्यावर घर एकदम रिकामे वाटू लागले. मुलीचे कॉलेज सुरू झाले होते, खर्च वाढला होता. मी कामाला जाते म्हटले तर पुढच्याच मार्चमध्ये, २०२० साली, करोनाची टाळेबंदी लागली. कारखानेच बंद, मग काम कुठले! २०२१ च्या दिवाळीनंतर मात्र मी ठरवले की आता जायचेच.

एका कारखान्यात जागा असल्याचे कळले. शेजारच्या एका ओळखीच्या बाईंनी आधीच घाबरवून सोडले. म्हणाल्या, ‘तेरा वर्षं घरी होते असं सांगितलंत तर ते तुम्हाला धागे कापायला बसवतील. मधे कुठंतरी काम केल्याचं दाखवा.’ मग एका शिंप्याकडून पत्र मिळवायचे ठरले. तीनशे रुपयांत त्याने लिहून दिले की, सदर बाई २००९ पासून आजपर्यंत आमच्या दुकानी शिवणकाम करीत आहेत, वर्तणूक चांगली. मी यजमानांना दाखवले. ते म्हणाले, ‘सगळेच असं करतात. द्यायला काय हरकत आहे?’ मुलगी मात्र काही बोलली नाही. ती पत्राकडे पाहून आत निघून गेली. तेव्हाच मला समजायला हवे होते.

कारखान्यात गेले. आधी मशीनवर बसवले. मोटारीच्या मशीनवर तेरा वर्षांनी पाय ठेवला, तो पहिल्यांदा मशीन माझ्या हातातून पळाले! तुम्ही हसता, पण तेव्हा मला रडू येत होते. मग श्वास घेतला, पाय हलका केला आणि एक कॉलर करून दिली. वयस्कर मॅनेजर होते. त्यांनी कॉलर उलटसुलट करून पाहिली, टोकाला अंगठा लावला आणि म्हणाले, ‘हात चांगला आहे बाई तुमचा.’ माझा जीव भांड्यात पडला.

मग ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘आधी कुठं होता?’ मी पत्र पुढे केले. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि अगदी साधेपणाने विचारले, ‘टाळेबंदीत दुकान किती महिने बंद होतं हो?’

भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही. जे दुकान मी आतून पाहिलेलेसुद्धा नव्हते ते किती महिने बंद होते, हे मला कसे ठाऊक असणार? मी म्हटले, ‘बंद नव्हतं.’ अख्ख्या शहरात कडकडीत बंद होता, नि माझे दुकान तेवढे चालू! मॅनेजर ओरडले नाहीत. त्यांनी पत्राची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘बाई, कॉलर बघून मी तुम्हाला घेणार होतो. आता ह्या पत्रामुळं नाही घेऊ शकत. आज पत्र खोटं आहे, उद्या पिसांचा आकडा खरा आहे हे मी कशावरून समजू?’

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. रिक्षात पदर तोंडाशी धरून बसले होते एवढे खरे. हातातली कॉलर चांगली होती, आणि मी नापास झाले ते त्या तीनशे रुपयांच्या कागदाने.

त्या रात्री मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘आई, तू खोटं का बोललीस?’ मी म्हटले, ‘मग काय सांगू? तेरा वर्षं काही केलं नाही म्हणून सांगू?’ तर ती म्हणाली, ‘हेही खोटंच आहे की! तू काही केलं नाहीस का?’

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. शिंप्याचे पत्र खोटे होते हे उघड आहे. पण ‘काही केलं नाही, घरीच होते’ असे आपण सगळ्याजणी सर्रास म्हणतो, तेही तितकेच खोटे आहे. फरक एवढाच की ह्या दुसऱ्या खोट्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ते आपल्याला खोटे वाटत नाही.

मुलगी कॉलेजात शिकते. तिने मला दोन गोष्टी वाचून दाखवल्या, त्या तुम्हालाही सांगते. २०१९ साली केंद्र सरकारने लोकांचा दिवस कसा जातो ह्याची देशभर पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे निघाले, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटे. शिवाय माणसांची देखभाल वेगळी मोजलेली आहे. २०२४ साली पुन्हा मोजणी झाली तेव्हा बायकांची २८९ मिनिटे भरली. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली म्हणायची!

दुसरी गोष्ट ऐकून मात्र मला हसू आले नाही. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्या लोकांत धरले होते, आणि त्याच रांगेत भिकारी नि तुरुंगातले कैदीही होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका निकालात ह्या गोष्टीवर बोट ठेवले. गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे असे सांगितले. २०२१ साली पुन्हा एका निकालात न्यायालयाने तेच सांगितले. मी मुलीला म्हटले, ‘म्हणजे बाई अपघातात गेल्यावर तिच्या कामाची किंमत होते.’ ती म्हणाली, ‘म्हणून जिवंतपणी तूच सांगायला हवीस.’

मग आम्ही मायलेकी बसलो. जुन्या कॅलेंडराच्या पाठकोऱ्या बाजूला तिने २००८ पासून एकेक वर्ष लिहिले आणि म्हणाली, ‘आठव.’ आधी तर माझ्या तोंडून ‘त्यांचं आजारपण’ ह्याखेरीज काही निघेना. पण एकेक आठवू लागले. २०१० साली जुने पायमशीन दुरुस्त करून घेतले आणि सासूबाईंच्या खाटेशेजारी ठेवले. त्यांचा डोळा लागला की मी ब्लाउज शिवायची. साड्यांना फॉल-पिको करीत असे. दर जूनमध्ये गल्लीतल्या पोरांचे गणवेश आखूड-लांब करून देत असे. २०१४ पासून आपल्या मंडळाच्या भिशीची वही माझ्याकडे आहे, त्यात एका रुपयाची चूक कधी निघाली नाही. आणि २०२० साली, टाळेबंदीत, आपल्या मंडळाने कापडी मास्क शिवून वाटले. त्यातले साडेसातशे मास्क एकट्या माझ्या मशीनवर झाले. हे मला आठवलेसुद्धा नव्हते, मुलीने आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी मी चिटणीसबाईंकडे गेले. खोट्या पत्राची हकीकत मान खाली घालून सांगितली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून मंडळाची जुनी नोंदवही काढली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. तारखांनिशी सगळे लिहिलेले होते, कापड किती दिले आणि मास्क किती आले. त्यावरून त्यांनी मंडळाच्या कागदावर चार ओळींचे पत्र लिहिले, अध्यक्षीणबाईंनी सही केली, शिक्का मारला. त्यात वाढवून काही लिहिले नव्हते. जे वहीत होते तेवढेच होते. मी तीनशे रुपये देऊन खोटे पत्र आणले होते, आणि खरे पत्र दोन गल्ल्या पलीकडे कपाटात पडून होते.

मग आम्ही उत्तराची तयारी केली. मुलगी समोर बसून साहेब झाली. पहिल्यांदा मी सासूबाईंच्या आजारपणाचे सांगू लागले ती दहा मिनिटे बोलतच राहिले, आणि शेवटी रडले. मुलगी म्हणाली, ‘आई, त्यांना तुझं दुःख नको आहे. त्यांना तू काम करशील का ते हवं आहे.’ मला ते टोचले, पण पटले. शेवटी चार वाक्ये ठरवली. कामावरून का गेले, घरी असताना काय केले, आता का येऊ शकते, आणि काय येते, काय विसरले. एवढीच चार.

२०२२ च्या जानेवारीत दुसऱ्या एका कारखान्यात गेले. तिथे ऑफिसात एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी माझा कागद पाहून विचारलेच, ‘मावशी, २००८ पासून २०२१ पर्यंत काय केलं?’

मी म्हटले, ‘सासूबाईंना अर्धांगवायू झाला म्हणून मी काम सोडलं. अकरा वर्षं त्यांची सेवा केली आणि घरी ब्लाउज, फॉल-पिको केलं. टाळेबंदीत मंडळासाठी मास्क शिवले, त्याचं हे पत्र. आता सासूबाई नाहीत, मुलं मोठी झाली, मला रोज पूर्ण वेळ येता येईल. कॉलर येते, पण मोटारीच्या मशीनवरचा वेग कमी झाला आहे. मला एक महिना द्या.’

त्यांनी लगेच मान डोलावली असे समजू नका. त्यांनी विचारले, ‘सासूबाई गेल्या २०१९ ला. मग दोन वर्षं?’ मी म्हटले, ‘त्यानंतर करोना आला, कुठंच भरती नव्हती. आणि खरं सांगायचं तर नंतरचे काही महिने मला धीरच झाला नाही.’ हे शेवटचे वाक्य आमच्या तयारीत नव्हते, आपसूक तोंडून निघाले. त्या जराशा हसल्या आणि म्हणाल्या, ‘पुन्हा घरात कोणी आजारी पडलं तर?’ मी म्हटले, ‘तसं झालं तर तुम्हाला आधी सांगेन. न सांगता दांडी मारणार नाही.’ त्यांनी मशीनवर बसवले. कॉलर पास झाली. एक महिना कमी मजुरीवर, मग वेग पाहून पुरती मजुरी, असे ठरले.

तो महिना कठीण गेला, हे लपवत नाही. पाठ धरायची, डोळ्यांना सुईचे भोक दिसायचे नाही, चष्मा करावा लागला. शेजारच्या पोरी तीन कॉलरी करायच्या तेव्हा माझी दुसरी व्हायची. आणि आमच्या रांगेची सुपरवायझर कोण असावी? जिला २००६ साली मी बॉबिन भरायला शिकवले होते, तीच! पहिल्या दिवशी मला तिच्याकडे पाहवेना. ती मात्र जवळ येऊन म्हणाली, ‘ताई, कॉलरच्या बंडलावर तुम्हीच बसा. मला टोक काढायला तुम्हीच शिकवलंत.’ महिन्याअखेर माझा वेग पुरता आला नव्हता, पण परत आलेला माल सर्वांत कमी माझा होता. पुरती मजुरी सुरू झाली. तेव्हापासून मी तिथेच आहे. तरी मला कोणी विचारले तर मी अजूनही गृहिणीच आहे असे सांगते. कारखाना नऊला सुरू होतो, घर पहाटे पाचला सुरू होते.

आता, ज्या भगिनी आज घरी आहेत नि उद्या बाहेर पडू पाहतात त्यांना, आणि ज्या आज नोकरीत आहेत नि उद्या त्यांना सोडावी लागेल त्यांनाही, चार गोष्टी सांगून आटोपते.

पहिली गोष्ट, काम सोडताना हात हलवत निघू नका. कधीपासून कधीपर्यंत काम केले आणि कोणते केले, एवढे मालकाकडून लिहून घ्या. मी २००८ साली घाईत निघाले आणि पत्र मागायचे राहिले. तेरा वर्षांनी मागायला गेले तर कारखाना दुसऱ्याने घेतलेला, जुने कोणी नाही. तुम्ही मागितलेत तर मालक बहुधा नाही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट फंडाची. माझा सहा वर्षे फंड कापला जात होता. काम सुटल्यावर मी अर्ज भरून सगळे पैसे काढून घेतले, त्यातले पेन्शनचे पैसेसुद्धा. सासूबाईंच्या औषधपाण्याला तेव्हा त्यांची गरज होती, त्याचे मला वाईट वाटत नाही. पण पेन्शन मिळायला सगळी मिळून दहा वर्षे नोकरी भरावी लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते. पेन्शनचे पैसे काढले की ती वर्षे मोजणीतून जातात. न काढता त्यांचे सर्टिफिकेट घेऊन ठेवता येते, आणि पुढे पुन्हा काम मिळाले की ती वर्षे त्यात जोडली जातात. मधे खंड पडला तरी चालतो. माझी ती सहा वर्षे शिल्लक असती तर मला चारच आणखी लागली असती. आता मी पुन्हा पहिलीपासून दहा मोजते आहे. तेव्हा पैशाची फारच निकड नसेल तर सही करण्याआधी फंडाच्या कार्यालयात जाऊन नीट विचारा. नियम बदलत असतात, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका. शेजारणीचे ऐकून माझे काय झाले ते तुम्ही आत्ताच ऐकलेत.

तिसरी गोष्ट, घरी असताना जे कराल त्याची एक वही ठेवा. किती ब्लाउज शिवले, कुणाचे डबे दिले, कोणत्या शिकवण्या घेतल्या, मंडळात कोणते काम केले. तारीख घाला. आपण दुधाचा आणि वाण्याचा हिशेब पै न पै ठेवतो, आपल्या स्वतःच्या कामाचा मात्र ठेवीत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणी विचारले की ‘मधे काय करत होतात?’ तर खोटे सांगू नका, रडगाणे गाऊ नका, आणि ‘काही नाही’ असेही म्हणू नका. जे झाले ते चार वाक्यांत सांगा आणि थांबा. त्यांना नको असेल तर ते घेणार नाहीत. सगळीकडे घेतील असे मी म्हणत नाही. वय पाहूनच दारातून परत पाठवणारेही आहेत. पण खरे सांगून परत आलेली बाई दुसऱ्या दाराशी ताठ मानेने जाऊ शकते. खोटे पकडले जाऊन परत आल्यावर मला दोन महिने घराबाहेर पडवले नाही, म्हणून सांगते.

आणखी एक गोष्ट मनात येते. आमचे मामंजी गिरणीत होते. गेल्या शतकाच्या अखेरीला त्यांची गिरणी बंद पडली, तेव्हा ते तीन-चार वर्षे घरी बसले. पुढे एका ठिकाणी रखवालदाराची नोकरी धरली. त्यांना विचारले, ‘मधे काय करत होता?’ ते म्हणाले, ‘गिरणी बंद पडली.’ एवढेच तीन शब्द. पुढे कोणी काही विचारले नाही, कारण सोलापुरात त्या तीन शब्दांचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. माझी फार इच्छा आहे की, ‘घरात आजारपण होते’ ह्या आपल्या तीन शब्दांनाही कधीतरी तेवढाच मान मिळावा. पण त्यासाठी आधी आपण ते तीन शब्द मान खाली न घालता म्हणायला शिकले पाहिजे.

त्या मॅनेजरांबद्दल माझ्या मनात राग नाही. ते भले गृहस्थ होते. कधी भेटले तर सांगेन की, टाळेबंदीत माझे दुकान एक दिवसही बंद नव्हते हे तसे खरेच होते. पण ते दुकान शिंप्याचे नव्हते, सासूबाईंच्या रिकाम्या खाटेशेजारचे होते.

शिंप्याचे ते पत्र मी फाडले नाही. घरच्या डब्यात ठेवले आहे, मंडळाच्या पत्राच्या शेजारी. येत्या काळात मुलगी नोकरीला लागेल, लग्न होईल, आणि कधीतरी तिच्याही नोकरीत खंड पडेल. तेव्हा दोन्ही कागद तिच्या हातात देईन.

आज कार्यक्रमानंतर ज्या भगिनींना आपल्या मधल्या वर्षांचे काय सांगावे असा प्रश्न आहे, त्यांनी थांबावे. चिटणीसबाईंनी नोंदवह्या कपाटातून काढून ठेवल्या आहेत. कोणाचे नाव कुठे आहे ते आपण मिळून शोधू. कपबशा नंतर मोजता येतील.